सलाबतपुऱ्यातलं कललेलं घर

चौसष्ट साली लग्न होऊन मी सुरतेला आले. माहेर अमळनेरचं, सासर शिरपूरकडचं एक खेडं. पण सासरी मी जेमतेम महिनाभर राहिले असेन. यजमान सुतार होते आणि लग्नाआधीपासून सुरतेत हातमागांची लाकडी कामं करत होते. माझं शिक्षकाचं प्रशिक्षण झालेलं होतं, त्यामुळे वर्षाच्या आतच म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत मला नोकरी लागली. मास्तरीण बायको आणि चौथी शिकलेला नवरा, यांचं कसं जमायचं, अशी कुजबुज नातेवाइकांत चालायची. मला तिचा राग यायचा. लाकडाला नुसता हात लावून ते डांगच्या जंगलातलं सागवान आहे की बाहेरचं, हे सांगणारा माणूस मला तरी अडाणी वाटला नाही.

आम्ही सलाबतपुऱ्यात एका गल्लीत राहायचो. गल्ली विणकरांची आणि जरीवाल्यांची. काही जण कापडाच्या गाठी उचलायचे, एकाची हातगाडी होती. घरं सगळी जुनी. सागवानी खांब आणि तुळया, त्यांच्या मधे विटांचं भरण, पुढे ओटा, वरच्या मजल्याला गल्लीवर आलेली लाकडी नक्षीची गॅलरी आणि मागे अगाशी, म्हणजे उघडी गच्ची. आमच्या दोन खोल्या वर होत्या. खाली घरमालकीण राहायच्या. साठीच्या विधवा बाई, मूलबाळ नाही. दिवसभर दारात बसून जरीची तार रिळावर गुंडाळायच्या. सगळी गल्ली त्यांना ‘बा’ म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. त्या मला ‘बेन’ म्हणायच्या आणि यांना ‘मिस्त्री’.

अडुसष्टच्या पावसाळ्यात तापीला मोठा पूर आला. बांच्या खोलीत छातीएवढं पाणी दोन दिवस उभं होतं. ते दोन दिवस बा, त्यांची रिळं, चरखा आणि शेजारच्या दोन घरांतली माणसं असे सगळे आम्ही वरच्या दोन खोल्यांत होतो. पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखल उपसला, भिंती धुतल्या आणि वाटलं, सुटलो एकदाचे.

दिवाळीत बांचं पुढचं दार बंद होईना. ह्यांनी दाराची कड रंधून दिली. पंधरा दिवसांनी ते पुन्हा अडकलं. मग आमच्या खोलीत मुलीचा चेंडू आपोआप गॅलरीच्या बाजूला गडगडत जायला लागला. मुलगी साडेतीन वर्षांची, तिला त्याची मोठी मजा वाटायची. यांचा चेहरा मात्र उतरला. गल्लीत जाऊन त्यांनी ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडून पाहिलं. घर गल्लीच्या बाजूला जवळजवळ वीतभर कललं होतं.

थोड्याच दिवसांत म्युनिसिपालटीचा ओव्हरसियर गल्लीत आला. पुरात भिजलेली घरं तपासणं त्याचं काम होतं. आमच्या दाराशेजारी त्याने लाल रंगाची फुली मारली आणि बांच्या हातात कागद दिला. कागद गुजरातीत होता, बांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवला. मकान भयजनक आहे, पावसाळ्याच्या आत दुरुस्त करा किंवा उतरवून घ्या.

दुसऱ्याच दिवशी बांचा पुतण्या आला. तो कापड बाजारात होता, अंगावर नेहमी पांढरे स्वच्छ कपडे. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. घरात न शिरता रस्त्यावरूनच त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, “बा, तोडून टाका. सिमेंटचं बांधू. दोन वर्षं माझ्याकडे राहा.”

तो गेल्यावर बा जिना चढून वर आल्या. त्या सहसा वर येत नसत, गुडघे दुखायचे. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बेन, मिस्त्रीने पूछ ने. घर पडहे तो नी ने?”

सुरती बोलीतला तो ‘ह’ ऐकायची तोवर मला सवय झाली होती. मिस्त्रींना विचार ना, घर पडणार तर नाही ना, असं त्या म्हणत होत्या. सून म्हणून त्या ह्याच घरात आल्या होत्या आणि नवऱ्याला इथूनच निरोप दिला होता.

पुढचा रविवार यांनी खाली घालवला. हातोडीच्या दांड्याने एकेक खांब वरपासून खालपर्यंत ठोकत गेले. कान लाकडाला लावलेला. वरचा आवाज टणक, खाली आला की बद्द. मग एका खांबाच्या बुडाशी पटाशी टोचली तर ती लोण्यात शिरावी तशी शिरली. हात धुऊन ते वर आले. घरी आम्ही अहिराणीच बोलायचो. म्हणाले, “हाई घर मरेल नही शे. निस्ता पाय सडेल शेतस.”

घर मेलेलं नाही, नुसते पाय सडलेत, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं. वरचं सगळं सागवान शाबूत आहे. खांबांची बुडं तेवढी वर्षानुवर्षांच्या ओलीने कुजली होती, पुराने त्यांचा निकाल लावला. सहा खांब खराब आहेत. प्रत्येकाचा खालचा दीड हात कापून टाकायचा आणि तिथे पुन्हा लाकूड न घालता काळ्या दगडाचा उंच तळखडा बसवायचा. म्हणजे पुन्हा पाणी आलं तरी लाकडापर्यंत ओल चढणार नाही. आधी पाय, मग कललेलं अंग सरळ.

“आणि कापताना वरचं घर कशावर राहणार?” मी विचारलं.

“जॅकवर.”

स्टेशनच्या बाजूला ट्रक दुरुस्त करणारं एक गॅरेज होतं. तिथल्या मालकाच्या दुकानाची दारं यांनी केली होती. त्याच्याकडे ट्रक उचलायचे मोठे पिळाचे जॅक होते.

दुरुस्तीची परवानगी काढायला मी म्युनिसिपालटीत गेले. तिथे सांगितलं, अर्जासोबत घराचा नकाशा लागेल. यांच्या डोक्यात घराचा कणन्‌कण होता, पण कागदावर काढणं त्यांना कधी जमलं नव्हतं. नकाशा मी काढला. शाळेत मी भूमितीही शिकवायची, तेवढंच माझं भांडवल. शाळा सुटली की टेप घेऊन आम्ही दोघं मोजायचो. ते आकडा सांगायचे, मी वहीत लिहायची. देवघरामागचा खांब मोजताना बांनी स्वतः देव उचलून बाजूला ठेवले. चौकटीच्या कागदावर मी खालचा मजला, वरचा मजला आणि समोरून दिसणारं घर अशी तीन चित्रं काढली. कुठला खांब कुठे कापायचा, तिथे लाल पेन्सिलीची रेघ.

ओव्हरसियरने कागद उलटसुलट पाहिला. “कोणत्या ड्राफ्ट्समनकडून काढून घेतला?”

“मी काढला.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. म्हणाला, “मापं बरोबर आहेत. पण घर उचलणार कोण? इंजिनियर आहे?”

“माझे यजमान आहेत,” मी म्हटलं. तेव्हा माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने मान वर केली.

परवानगी मिळाली. अट एवढीच की गल्लीतल्या लोकांची हरकत नको, कारण घर पडलं तर समोरच्यावर पडणार. म्हणून बांच्या ओट्यावर बैठक झाली. पुतण्याही आला होता. समोरच्या घरातला म्हातारा विणकर म्हणाला, “मिस्त्री, तुम्ही मागाचं लाकूड करता. हे घर आहे. आमची पोरं खाली खेळतात.” दोघातिघांनी माना हलवल्या. पुतण्यालाही ते पटलेलं दिसत होतं.

हे उठून उभे राहिले. बोलण्यात ते कधीच चपळ नव्हते. म्हणाले, “काम चालेल तितके दिवस माझं बिऱ्हाड वरच राहील. मुलगी समोर, तुमच्याच पोरांत ठेवू. बायको वर असेल. मला भीती असती तर मी तिला वर ठेवली असती का?”

म्हाताऱ्या विणकराने मान डोलावली. हरकत संपली.

वर आल्यावर मी दार लावलं आणि भांडले. “मला विचारलंत? मी काय ओझं आहे, कुठेही ठेवायला?”

त्यांना खरंच सुचलं नव्हतं. ते पाटावर बसले. म्हणाले, “चुकलं. उद्या सांगतो त्यांना, बायको वर नसेल.”

“सांगाल आणि परवानगी जाईल.” मी चहा टाकला. चहा उकळेपर्यंत राग धरून ठेवला आणि मग विचारलं, “वर थांबून मी करायचं काय? नुसती बाहुलीसारखी बसणार नाही मी.”

तेव्हा त्यांनी सांगितलं की खालून त्यांना वरच्या जमिनीची पातळी दिसणार नाही. एक जॅक जरा जास्त चढला तर घर पिळवटेल. वर कोणी लक्ष ठेवणारं हवंच होतं आणि ते माणूस शोधतच होते. आम्ही ठरवलं, खोलीच्या मधोमध पितळी परात खाली चिपा लावून सपाट बसवायची आणि काठोकाठ पाण्याने भरायची. पाणी ज्या बाजूने सांडेल ती बाजू मी ओरडून सांगायची. ‘गल्ली’ म्हटलं की पुढचा जॅक चढवायचा, ‘अगाशी’ म्हटलं की मागचा.

उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर काम सुरू झालं. शेजारच्या गल्लीत जाती आणि पाटे-वरवंटे घडवणारा पाथरवट होता. त्याने सहा तळखडे घडवून दिले. जॅकच्या दांड्याला समोरचा म्हातारा विणकर, त्याचे दोन भाऊ आणि हातगाडीवाला असे चौघे होते. हरकत घेणारेच पहिले आले, हे मला आजही सांगावंसं वाटतं. आधी पुढच्या भिंतीतलं विटांचं भरण काढून घेतलं, म्हणजे लाकडाला हलायला जागा मिळावी. घराच्या फासळ्या दिसायला लागल्या. एका दिवसात एकच खांब, असा यांचा नियम. तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू, टेकूखाली जॅक. बोटाच्या पेराएवढं उचलायचं, कुजका भाग कापायचा, दगड सरकवायचा, हळूच खाली घ्यायचं.

पहिले तीन खांब सुरळीत झाले. चौथा कोपऱ्यातला होता, घराचा सगळा भार त्याच्याकडे झुकलेला. सकाळचे दहा वाजले असतील. मी परातीशेजारी मांडी घालून बसले होते. खालून यांचा आवाज यायचा, “पाव फेरा,” आणि मग दांडा फिरल्याची करकर. पाणी आरशासारखं स्थिर होतं. एकदम बंदूक सुटावी तसा आवाज झाला. जमीन माझ्याखाली थरथरली, परातीतलं पाणी उसळलं आणि पुढच्या बाजूने धो धो सांडायला लागलं.

“गल्ली!” मी ओरडले. “गल्ली! थांबा!”

खाली पळापळ ऐकू आली. समोरच्या ओट्यावरून बायका किंचाळल्या. गॅलरीतून मी पाहिलं तर दांड्यावरची माणसं रस्त्यावर आली होती आणि हे एकटेच आत तुळईखाली उभे होते. पळावं असं मला वाटलं, नाही असं नाही. जिन्याकडे दोन पावलं गेलेही. मग वाटलं, मी गेले तर त्यांना पातळी सांगणार कोण? परत येऊन बसले आणि ओरडले, “मी इथेच आहे. बघा काय अडकलंय ते.”

मग हातोडीचे ठोके. नंतर कळलं, मागच्या तुळईची चूळ, म्हणजे टोकाची जीभ, खांबाच्या खाचेत फुगून घट्ट बसली होती. पुढची बाजू उचलली गेली तेव्हा ती सुटेना, आणि ताण असह्य होऊन जुनी पाचर फुटली आणि पुढची बाजू दणकन खाली बसली. तोच तो आवाज. यांनी चूळ मोकळी केली, नवी पाचर ठोकली आणि बाहेर उभ्या माणसांना म्हणाले, “या. काही मोडलं नाही.” पहिला म्हातारा विणकर आत गेला. मग बाकीचे.

परात मी पुन्हा भरली. अर्ध्या तासाने ते पाणी चारी बाजूंनी काठाला सारखं लागलं. “बरोबर!” असं मी ओरडले तेव्हा खाली सगळे हसले.

सहा खांब झाले. मग घर सरळ करायचं काम. जाड साखळदंड पुढच्या तुळईला बांधून मागच्या चौकातल्या दगडी कठड्याला आवळला होता, मधे पिळाचा स्क्रू. रोज सकाळी त्याला थोडासाच पीळ द्यायचा आणि दिवसभर लाकडाला आपल्या मनाने जागा घेऊ द्यायची. लाकडाला घाई केली की ते रुसतं, असं हे म्हणायचे. तीन आठवडे लागले. एका सकाळी बांचं पुढचं दार वाऱ्याने आपणहून लागलं आणि कडी जागेवर बसली. बा रडायला लागल्या.

विटांचं भरण पुन्हा घातलं. गिलाव्याला सिमेंट नको, चुनाच हवा, कारण सिमेंट लाकडाला श्वास घेऊ देत नाही, असं यांचं ठाम मत. चुन्यात घालायला गूळ एका शेजारणीच्या बारडोलीच्या भावाने आणून दिला. चुना मळायला गल्लीतल्या बायका पदर खोचून उतरल्या. मी, समोरची सून, हातगाडीवाल्याची आई. माझ्या हातांची सालं निघाली होती आणि शाळा उघडल्यावर खडू धरवत नव्हता.

ओव्हरसियर पावसाळ्याच्या तोंडाशी आला. स्वतःचा ओळंबा घेऊन आला होता. चारी कोपऱ्यांना सोडून पाहिला, तळखड्यांवर हात फिरवला, वर येऊन आमच्या जमिनीवरून चालून गेला. मग शिपायाला म्हणाला, “ती फुली पुसून काढ.” जाताना यांच्याशी हात मिळवला. यांच्याशी हात मिळवणारा तो पहिला सरकारी माणूस. वर आल्यावर हे बराच वेळ तो हात बघत होते.

पुढच्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, बांनी अगाशी उघडली. पूर आल्यापासून तिथे कोणाला पाय ठेवू दिला नव्हता. त्या दिवशी निम्मी गल्ली वर होती. पतंग, तिळाच्या चिक्क्या, ऊस, आरडाओरडा. पुतण्याही बायकोमुलांना घेऊन आला. तो यांच्याजवळ येऊन उभा राहिला आणि पायाने जमीन दोनदा दाबून पाहिली. “मिस्त्री,” तो म्हणाला, “माझ्या सासऱ्यांचं घर सगरामपुऱ्यात आहे. बघायला याल?”

असं ते सुरू झालं. नंतरच्या आठ-नऊ वर्षांत यांनी अशी कितीतरी घरं उभी केली. सगळ्यांचे नकाशे मी काढले. मागाचं काम सुटलं. गल्लीतले ते चौघे यांच्याबरोबर कायमचे जोडले गेले. सत्तरनंतर हातमाग जाऊन यंत्रमाग यायला लागले. लोक ते घरातच बसवायचे आणि त्यांच्या हादऱ्याने लाकडाचे सांधे सुटायचे. यांनी मागांचा पाया खांबांपासून वेगळा घ्यायला सुरुवात केली, मधे हातभर रुंद चर खणून त्यात तापीची वाळू भरायची. हादरा वाळूत मरायचा. वरच्या मजल्यावर माग बसवायला मात्र ते कधीच तयार झाले नाहीत. त्यावरून एका गिऱ्हाइकाशी वाजलं. त्याने दुसऱ्याकडून बसवून घेतले, आणि वर्षभरात ते घर उतरवावं लागलं. यजमान ते घर बघायला गेले होते. परत आल्यावर जेवले नाहीत. “चांगलं सागवान होतं,” एवढंच म्हणाले.

बा पंचाहत्तर साली गेल्या, त्याच घरात, त्यांच्या खोलीत. घर पुतण्याकडे आलं. त्याने ते पाडलं नाही. आम्ही दोन वर्षांनी लिंबायतच्या पलीकडे गोडादऱ्याच्या वाटेवर स्वतःची जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या. तिकडे तेव्हा शेतं होती आणि खानदेशातली माणसं रोज नव्याने येत होती. सलाबतपुऱ्यातून बोलावणं आलं की हे हत्यारांची पेटी घेऊन रिक्षात बसायचे.

त्याच वर्षी मुलगी आठवीत गेली. तिला गुजराती माध्यमाच्या हायस्कुलात घातलं होतं. प्रवेशाचा अर्ज तिने स्वतःच भरला आणि मी खिडकीवर दिला. कारकून तो वाचताना एका ओळीवर थांबला. मला वाटलं, काहीतरी चुकलं. मी कागद ओढून पाहिला. वडिलांच्या धंद्यासमोर पोरीने लिहिलं होतं: ‘जूनां घर साजां करे छे.’ जुनी घरं बरी करतात. ‘साजां’ हा आजारी माणसाला बरं करतात, त्यासाठीचा शब्द.

मी म्हटलं, “सुतार लिहा. मी दुरुस्त करून देते.”

“राहू दे, बेन,” कारकून म्हणाला. “आमचं बेगमपुऱ्यातलं घर त्यांनीच केलं.” आणि त्याने त्या ओळीवर काहीही न खोडता शिक्का मारला.